आमचं लई हवेशीर घर

आमचे अब्बा गवंडी होते. औसा तालुक्यात त्यांच्या हाताला नाव होतं, लोक लांबून बैलगाडी पाठवून त्यांना घर बांधायला न्यायचे, आणि पुढं लातूरला बांधलेल्या आमच्या स्वतःच्या घरात मात्र हवा नव्हती. आज मी हे हसत सांगते. तेव्हा हसू यायचं नाही, संताप यायचा. मला संताप लवकर येतो हे आधीच सांगून टाकते. अम्मी म्हणायची, ही पोटात होती तेव्हा मी मिरच्या लई कांडल्या, तोच ठसका हिला लागलाय.

सध्या मी नांदेडला तिसऱ्या मजल्यावर राहते. उन्हाळा लागला की नवरा एसी लावतो आणि घरभर फिरून खिडक्या बंद करतो. मी त्याच्या मागोमाग फिरून स्वयंपाकघरातली उघडते. तो ओरडतो, "लाइटबिल कोण तुझा भाऊ भरणार का?" मी म्हणते, "भरंल की, विचारून बघा." त्याला वाटतं बायको हट्टी आहे. हट्टी आहेच मी, पण या खिडकीचं कारण वेगळं आहे, आणि वीस वर्षांच्या संसारात ते मी त्याला नीट सांगितलेलं नाही. सांगायला बसलं की भलतंच भांडण निघतं, म्हणून लिहिते.

मी जन्मले ते औशातलं घर माळवदाचं होतं. माळवद काय हे आता पोरांना सांगावं लागतं. दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर पाला, आणि त्यावर हातभर पांढरी माती चोपून केलेलं सपाट छत. अशा घराला रस्त्याच्या बाजूनं खिडकी नसायची, असली तर तळहाताएवढी. हवा आणि उजेड यायचा तो वरून. स्वयंपाकाच्या जागी छताला एक भोक ठेवलेलं असायचं, त्याला आम्ही साणं म्हणायचो. चुलीचा धूर त्यातून वर जायचा आणि उन्हाचा कवडसा त्यातून खाली यायचा. पाऊस आला की वर पळत जाऊन त्यावर घमेलं पालथं घालायचं काम माझं. घमेलं घालून खाली येईपर्यंत अम्मीच्या परातीत चार थेंब पडलेलेच असायचे आणि मला चार शिव्या.

काय दिवस होते ते! मे महिन्यात बाहेर डांबर वितळायचं आणि आत पाय ठेवला की अंगावरून गार पाणी ओतल्यासारखं वाटायचं. पंखा नव्हता. विजेचा एक दिवा होता, तोही अब्बा आठवण करून करून बंद करायला लावायचे. अम्मीकडे घड्याळ नव्हतं. कवडसा उतरंडीपाशी आला की ती डाळ शिजायला टाकायची आणि कवडसा भिंतीवर चढायला लागला की आमची शाळा सुटायची वेळ. त्या कवडशात धूर निळा दिसायचा. मी चुलीजवळ भाकरीची वाट बघत बसायची आणि तो निळा धूर वर वर जाताना बघत राहायची. भूक लागलेली असायची, भाकरीचा वास यायचा, अम्मी गुणगुणायची. यापेक्षा जास्त सुख मला नंतर कुठं मिळालं असेल असं वाटत नाही.

साणं कुठं ठेवायचं हे ठरवायची अब्बांची एक रीत होती. घराच्या मालकाला ते विचारायचेच नाहीत. "मालकाला काय विचारायचं? धूर मालक खातो का?" घरातल्या बाईला बोलवायचे, अदबीनं म्हणायचे, "अक्का, तुम्ही भाकरी थापायला कुठं बसणार? बसून दाखवा." ती बाई लाजत, पदर सावरत बसायची. मग ते तिच्यापुढं एक धुमसती गोवरी ठेवायचे, चारी दारं कधी उघडायचे कधी लावायचे, आणि धूर कुणीकडं झुकतो ते उकिडवं बसून बघायचे. अर्धा-अर्धा तास. बाकीचे गवंडी हसायचे, उस्तादाला धुराचं याड हाय म्हणायचे. पण त्यांनी बांधलेल्या घरातल्या बायकांचे डोळे लाल नसायचे. त्या बायका बाजारात भेटल्या की अम्मीला हाताला धरून सांगायच्या. अम्मी घरी येऊन अब्बांना काहीच सांगायची नाही, नुसती त्यांच्या ताटात तुपाची धार जास्त धरायची.

भूकंप झाला तेव्हा मी चौथीत होते. आमच्या घराच्या एका भिंतीला पोट आलं, तुळई सरकली, आम्ही सगळे जिवानिशी बाहेर पडलो. पण आमच्या खालच्या अंगाची गावंच्या गावं बसली. दगडमातीच्या भिंती आणि वर हातभर मातीचं ओझं, दुसरं काय होणार? अब्बा फावडं घेऊन तिकडं गेले ते तिसऱ्या दिवशी परत आले. अंगणात बसले. अम्मीनं प्यायला पाणी दिलं, त्या पाण्यानं ते हात धुत राहिले. तांब्या रिकामा झाला तरी धुतच होते.

मला नंतर अम्मीकडून कळलं. त्या गावांतल्या एका घरी, भूकंपाच्या काही महिने आधी, एका म्हातारीनं त्यांना सांगितलं होतं की सुनेला दमा हाय, साणं पुरत न्हाई. अब्बांनी स्वतःहून चुलीच्या वरची दगडी भिंत फोडून एक खिडकी काढून दिली. त्या सासू-सुना त्यांना त्याच भिंतीखाली सापडल्या. आता त्या गावात एकही भिंत उभी राहिली नव्हती, खिडकीची नाही की बिनखिडकीची नाही. कुणी त्यांना बोल लावला नाही, लावायला कुणी उरलंही नव्हतं. पण अब्बांच्या डोक्यात एकच बसलं. मी भोक पाडलं, म्हणून भिंत पडली.

पुढं सरकारनं गवंड्यांना भूकंपात टिकणारी घरं बांधायचं शिक्षण दिलं. पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग भरायचा आणि हे पांढऱ्या केसांचे उस्ताद लोक पोरांसारखे वह्या घेऊन बसायचे. तिथल्या इंजिनिअरनं सांगितलं की दारं-खिडक्या कोपऱ्यापासून लांब ठेवा, आणि भिंतीत उगीच जास्त भोकं पाडू नका. बाकीच्यांनी दोन्ही गोष्टी लिहून घेतल्या. अब्बांनी दुसरीच तेवढी धरली, तीही अशी घट्ट धरली की त्यातला 'उगीच' आणि 'जास्त' दोन्ही गळून पडले.

त्यानंतर आम्ही लातूरला आलो. दहावी-बारावीच्या निकालांनी लातूरचं नाव सगळीकडं झालं होतं. क्लासच्या पाट्यांनी भिंती भरल्या होत्या, एसटीतून ट्रंका आणि गाद्या उतरत होत्या, आणि ज्याच्याकडे चार हात जागा होती तो खोल्या काढत होता. अब्बांना कामाची ददात नव्हती. उलट मालक लोक त्यांच्यावर खूश! खिडकी नको म्हणणारा मिस्त्री त्यांना कुठं मिळणार? बिनखिडकीच्या खोलीला खेटून दुसरी बिनखिडकीची खोली काढता येते, तिला खेटून तिसरी. त्यांचा जागेचा लोभ आणि अब्बांची भीती यांचं चांगलंच जमलं. मजबूत मात्र असायचं हो काम. अब्बांच्या खोलीत पोर आजारी पडेल, खोलीला तडा जाणार नाही.

आमचं स्वतःचं घरही त्यांनी तसंच बांधलं. जाड कॉलम, जाड बीम, वर स्लॅब. खाली आम्ही आणि वर मुलींसाठी चार खोल्या. समोरच्या बाजूला नावाला दोन खिडक्या, त्यांनाही जाड गज आणि काच पक्की बसवलेली, उघडायची सोय नाही. स्वयंपाकघर मागच्या बाजूला, गल्लीला लागून. त्याला फक्त आतलं दार. छताला भोक नाही, भिंतीला भोक नाही, काडी घालायला फट नाही. घरभरणीला आलेले लोक भिंतीवर थापा मारून म्हणाले, "उस्ताद, किल्ला बांधला की!" अम्मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली, वर बघितलं, चारी भिंती बघितल्या, आणि म्हणाली, "छान हाय." तिचं तोंड मला आजही दिसतं.

अम्मीनं वरच्या मुलींना डबे द्यायला सुरुवात केली. किनवट, भोकर, देगलूर, कुठून कुठून आलेल्या पोरी. सकाळी एवढ्या भाकऱ्या, संध्याकाळी तेवढ्याच. गॅस होता, पण ज्वारीची भाकरी गॅसवर करायची तर सिलिंडर पंधरा दिवस टिकेना. म्हणून तिनं भुशाची शेगडी धरली. लाकडाच्या गिरणीतून पोतं भरून भुसा यायचा. शेगडीच्या मधोमध बाटली उभी धरायची, भोवतीनं भुसा लाटण्यानं ठेचून ठेचून भरायचा, आणि बाटली अलगद वर काढून घ्यायची. खालून पेटवलं की मधल्या पोकळीतून जाळ वर येतो आणि तास न् तास एकसारखा जळतो. मी घाईनं भरायची तेव्हा भुसा आत ढासळायचा. अम्मी म्हणायची, "अगं, वाट ठेव तिला. वाट न्हाई मिळाली तर नुसती धुमसत बसती." हे ती शेगडीला म्हणायची आणि स्वतः त्या कोंडलेल्या खोलीत खोकत बसायची.

खोकला सुरुवातीला सकाळचाच होता. मग सकाळ-संध्याकाळ झाला. मग जिना चढताना ती मधल्या पायरीवर थांबायला लागली. "काय झालं?" विचारलं की म्हणायची, "काही न्हाई, गाणं आठवून राहिले." किनवटची एक मुलगी वर राहायची, डॉक्टर व्हायचं म्हणून आलेली. जंगलातलं लेकरू, आमच्या खोलीत तिचा जीव गुदमरायचा, दाराच्या फटीशी नाक येईल अशी उशी ठेवून ती झोपायची. ती मला एकदा म्हणाली, "तुझ्या अम्मीचा श्वास शिट्टीसारखा वाजतो, तू ऐकत नाहीस का?" मी ऐकत होते. आमच्या घरात सगळेच ऐकत होते.

त्या उन्हाळ्यात मुलींच्या तक्रारीमुळे अब्बांनी वर दोन कूलर आणले. बंद खोलीत कूलर! पहिला तासभर बरं वाटलं. मग हवा अशी चिकट झाली की वह्यांची पानं फुगली, भिंतीला बुरशी आली, पोरी घामानं डबडबल्या. मीटर मात्र भिंगरीसारखं फिरत होतं. किनवटवालीनं दार उघडं ठेवलं की अब्बा खालून ओरडायचे, "दार लावा, थंडी जाऊन राहिली!" मी तेव्हा अकरावीत होते, विज्ञानाला, आणि डोक्यात नवं वारं होतं. मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"अब्बा, कूलरची हवा आत आली तर आतली हवा बाहेर जायला जागा पाहिजे. खोलीला वर झरोका काढा. आणि स्वयंपाकघरालाही काढा. गरम हवा हलकी असती, ती वर जाती."

"हे मला शिकवू नको, बेटा. तुझ्या मास्तराच्या जन्माआधीपासून मी धुराला वाट करून दिली."

"मग आपल्या घरात का नाही दिली?"

ते उठून चपला शोधायला लागले. मी गप्प बसणाऱ्यांतली नव्हे. "हे घर कॉलमवर उभं आहे. भिंत म्हणजे नुसता आडोसा, तिला भोक पाडलं तर काही होत नाही. तुम्हालाच माहीत आहे हे. अम्मीला श्वास घेता येत नाही, ते पण माहीत आहे!"

अम्मी आतून पिठाच्या हातानं धावत आली आणि तिनं आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडात मारली. गालावर पीठ तसंच राहिलं. "बापाशी असं बोलतात? मला काय झालंय? भुशाची धूळ गेली जरा घशात, लागली मोठी डॉक्टरीण!" एवढं बोलेपर्यंत तिला धाप लागली आणि ती दाराला धरून उभी राहिली. अब्बा चपला घालून बाहेर निघून गेले. मला दोघांचाही इतका राग आला होता की मी दोन दिवस जेवले नाही. म्हणजे घरात जेवले नाही, किनवटवालीच्या डब्यातलं खाल्लं.

मग पावसाळा आला. भुसा ओला, शेगडी धुमसणारी, आणि पावसाचं पाणी आत येतं म्हणून पुढचं दारही लावलेलं. सकाळी नऊच्या सुमारास डबे भरायची घाई चालली होती. मी क्लासवरून आले तेव्हा किनवटवाली गल्लीतून ओरडत येत होती. स्वयंपाकघरात धूर इतका की बल्ब तांबडा दिसत होता, आणि खाली जमिनीवर, भाकऱ्यांच्या टोपलीशेजारी, अम्मी भिंतीला टेकून बसली होती. तोंड उघडं, ओठ जांभळे. दोघींनी तिला उचलून रिक्षात घातलं. सगळ्या रस्त्यात ती माझा हात दाबत होती, बोलायला श्वास नव्हता. मी मोठमोठ्यानं रडत होते आणि रिक्षावाल्याला शिव्या देत होते. त्या बिचाऱ्याची काहीच चूक नव्हती.

दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला, वाफ दिली. दुपारपर्यंत ओठांचा रंग परतला आणि माझा जीव भांड्यात पडला. अब्बा कामावरून तसेच आले होते, हाताला सिमेंट, पायाला चिखल. खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले, जवळ येईनात. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण आवाज करडा. त्यांनी विचारलं, "मावशी, घरात कुणी बिडी ओढतं?"

अम्मीनं मान हलवली. न्हाई.

"मग छातीत एवढा धूर कुठून भरला? स्वयंपाक कशावर करता? धूर जायला खिडकी, झरोका काही आहे का?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात अम्मीनं तोंडावरचा मास्क हातानं बाजूला केला. एक-एक शब्दाला थांबत म्हणाली, "आमचे हे... उस्ताद हायत. त्यांनी बांधलंय. आमचं घर... लई हवेशीर हाय, बाई."

डॉक्टरीणबाईंनी मास्क पुन्हा बसवला आणि रागावल्या, बोलू नका म्हणाल्या. मी अब्बांकडे बघितलं. त्यांनी मला दहा वेळा मारलं असतं तर चाललं असतं, पण तो चेहरा नको होता बघायला. ते बाहेर गेले. मला वाटलं बाहेर बाकावर बसले असतील. बघायला गेले तर बाक रिकामा. मी किनवटवालीला अम्मीजवळ बसवलं आणि घराकडे पळाले.

आमच्या घरासमोर गर्दी होती. वरच्या सगळ्या मुली पुस्तकं, गाद्या घेऊन रस्त्यावर उभ्या होत्या, एकीच्या डोक्यावर ओल्या केसांचा टॉवेल तसाच. अब्बांनी सगळ्यांना बाहेर काढलं होतं. आत जाऊन बघते तर स्वयंपाकघरात बीमखाली ओळीनं लाकडी बल्ल्या उभ्या केलेल्या, जणू अख्खं घर आता खाली येणार. भिंतीवर, बीमच्या जरा खाली, विटकरीच्या तुकड्यानं एक चौकोन आखलेला. दीड फूट बाय एक फूट. आणि त्याच्यासमोर स्टुलावर अब्बा छिन्नी-हातोडा घेऊन उभे. शेजारचे काका दारातून डोकावले आणि म्हणाले, "उस्ताद, झरोका काढून राहिले का घर पाडून राहिले?" बाहेर पोरी हसल्या. अब्बांना ऐकूच गेलं नाही.

छिन्नी भिंतीला टेकवलेली होती. हातोडा वर गेलेला होता आणि तिथंच थांबला होता. मी म्हटलं, "अब्बा, द्या इकडं, मी मारते." खरंच मारला असता मी. ते वळलेसुद्धा नाहीत. "तू बाहेर जा, बेटा," म्हणाले. "न्हाई जात," मी म्हटलं, आणि स्टूल दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. त्यांनी छिन्नी चौकोनाच्या रेघेवर नीट बसवली. मग हळू आवाजात म्हणाले, "ती म्हातारी मला दुवा देऊन गेली होती गं. खिडकी काढली त्या दिवशी." एवढंच. मी त्यांच्या तोंडून त्या घराबद्दल ऐकलेलं ते पहिलं आणि शेवटचं वाक्य.

मग घाव बसला. एक, दोन, तीन. प्लास्टर सुटलं, वीट हलली आणि बाहेर गल्लीत धपकन पडली. प्रत्येक घावानंतर ते थांबायचे, तळहात बीमला लावून बघायचे, आणि पुढचा घाव घालायचे. घर तसूभर हललं नाही. हलणार कसं, बांधलं होतं कुणी! संध्याकाळपर्यंत चौकोन मोकळा झाला आणि पावसाची गार हवा आत आली. सकाळपासून धुमसणारी शेगडी कोपऱ्यात होतीच, तिचा धूर जरा घुटमळला आणि गुपचूप बाहेर पडला. अब्बा स्टुलावरून उतरले, जमिनीवर बसले आणि ओंजळीत तोंड घालून लहान लेकरागत रडले. मीही रडले. बाहेर पोरींना वाटलं अम्मी गेली, त्यांनीही गळा काढला. त्यांना समजावून परत वर पाठवता पाठवता माझ्या नाकी नऊ आले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वरच्या चारही खोल्यांना झरोके काढायला घेतले. समोरच्या काचा फोडून उघडणाऱ्या खिडक्या बसवल्या. पुढच्या उन्हाळ्यात कूलर थंड हवा टाकू लागले आणि पोरी ते अर्धा वेळ बंद ठेवू लागल्या. झरोके काढत होते तो आठवडाभर अब्बांनी दुसऱ्या कुणाचं काम घेतलं नाही.

अम्मी घरी आली ती रिक्षातून उतरून थेट स्वयंपाकघरात गेली. नको म्हटलं तरी ऐकेना. झरोक्याखाली उभी राहिली. कौतुक नाही, डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. हात वर करून बोटांना हवा लागते का ते बघितलं, आणि म्हणाली, "पावसाचं पाणी आत येईल. वर छज्जा काढा." आणि चहाचं आधण ठेवलं. मी तिथंच दारात बसले होते. अब्बा पाटावर बसले, चहाची बशी हातात घेतली, पण पिईनात. मला चांगलं आठवतं, ते खाली बघत म्हणाले, "इतकी वर्षं तू एकदा तरी बोलायचंस. भांडायचंस. पोरगी भांडली, तू तिलाच मारलंस. का?"

अम्मीनं गॅसकडं बघत उत्तर दिलं. तिचा आवाज अजून बारीक होता, मधे मधे थांबायचा.

"भूकंपानंतर लोक वर्षभरात घरात गेले. तुम्ही न्हाई गेले. औशात अंगणात, इथं आलो तर भाड्याच्या घराच्या ओट्यावर. पाठ टेकायचे न्हाई, भिंतीकडं बघत बसायचे. मी दाराआडून बघायचे. किती वर्षं बघितलं ते माझं मला ठाव. मग हे घर झालं. कुठं भोक न्हाई, कुठं फट न्हाई. त्या दिवशी तुम्ही आत येऊन झोपले. घोरले, अजी! मी बसून ऐकत होते. मला वाटलं, माझा दम काय, थोडा कमी-जास्त. यांना झोप लागून राहिली ना. मग कशाला बोलायचं?"

अब्बांच्या हातातली बशी हिंदकळली, चहा पायजम्यावर सांडला. त्यांना ते कळलंही नाही. ते त्या नव्या झरोक्याकडे बघत होते. मग एखाद्या पोरानं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "आता? आता न्हाई आली झोप, तर?"

अम्मीनं पदरानं त्यांच्या पायजम्यावरचा चहा पुसला.

"न्हाई आली तर मी बसते की तुमच्याजवळ बोलत," ती म्हणाली. "आता दम हाय मला."